मोटारीतले दोन वाटाडे

दाभोळच्या धक्क्यावर रात्री साडेदहा वाजता आमची मोटार उभी राहिली, तेव्हा समोर वाशिष्ठीची खाडी काळीभोर पसरली होती, पलीकडे धोपाव्याचे चार दिवे लुकलुकत होते, आणि मोटारीतून एक बाई गोड इंग्रजीत सांगत होती की, सरळ पुढे चला. सरळ पुढे म्हणजे खाडीत. शेवटची फेरीबोट केव्हाच पलीकडे जाऊन विसावली होती. धक्क्यावर एक कुत्रे आणि एक पहारेकरी, याखेरीज तिसरा जीव नव्हता. पहारेकऱ्याने कंदिलासारखा धरलेला आपला मोबाईल आमच्या तोंडावर फिरवला आणि एवढेच विचारले, "वाटेत कोणाला विचारलं नाहीत?"

ही २०१२ सालच्या भाऊबिजेची गोष्ट. त्या दिवशी एका मोटारीने तीन भाऊबिजा करायच्या, असा आमचा बेत होता. पहिली दुपारी पुण्यात, माझी. माझ्या बहिणीने मला ओवाळले. मग बहीण, मेव्हणे, भाचा, मी आणि माझे वडील असे पाच जण ताम्हिणी घाटाने निघालो. दुसरी भाऊबीज दापोलीला, मेव्हण्यांची. त्यांच्या थोरल्या बहिणीचे घर तिथे आहे. आणि तिसरी गुहागरला, माझ्या वडिलांची. आत्या त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. वडिलांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. जन्मात एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती, आणि ही चुकवायची नाही, एवढेच ते आठ दिवस बोलत होते.

मेव्हण्यांची मोटार परदेशी बनावटीची, जुन्या बाजारात घेतलेली, पण थाटाची. तिच्या पुढच्या फळीत कारखान्यातूनच बसवलेला एक पडदा होता. त्यावर नकाशा दिसे आणि ती बाई रस्ता सांगे. माझ्या भाच्याने आपल्या पहिल्या पगारातून एक सुटे यंत्र घेतले होते. ते हाताच्या पंजाएवढे, रबरी वाटीने काचेला चिकटणारे. त्याचा नकाशा त्याने दिवाळीच्या आधी आठ दिवस घरच्या संगणकाला जोडून ताजा करून घेतला होता. दापोलीच्या जेवणानंतर आम्ही निघालो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. गाडीतली बाई म्हणाली, दाभोळला चला. काचेवरचा डबा म्हणाला, खेडकडे वळा. एकाच वेळी दोघे बोलू लागले, तसा गाडीत एक लहानसा तमाशाच झाला.

भाचा म्हणाला, "बाबा, माझ्या यंत्रात फेरीबोट टाळायची सोय आहे. ते खेड-चिपळूणवरून न्यायला बघतंय."

मेव्हणे म्हणाले, "अरे, गाडीतलं यंत्र गाडी करणाऱ्यानं बसवलंय. ते काय खोटं सांगेल? तुझा हा बाजारातला डबा आधी बंद कर."

मागच्या बाकावरून वडील तेवढे म्हणाले, "जावईबापू, कोणाला तरी विचारा हो."

कोणी विचारले नाही. दापोलीच्या एस. टी. स्टँडसमोर पानाचे दुकान उघडे होते. शेवटची फेरी कितीला, हे त्या पानवाल्याने चुना लावता लावता सांगितले असते. पण दोन-दोन वाटाडे गाडीत असताना पानवाल्याला कोण विचारतो? गाडीतल्या बाईच्या नकाशात खाडीवरची ती तुटक रेघ रस्ता म्हणूनच काढलेली होती. रस्ता रात्री दहाला बंद होतो, ही गोष्ट तिच्या लेखी संभवतच नव्हती.

पुढचे पुढे सांगेन. त्या रात्रीपासून मला एका प्रश्नाने धरले. एकाच गाडीत, एकाच आकाशाखाली, एकाच उपग्रहांचे ऐकणारी दोन यंत्रे. मग महागडे, जडवलेले यंत्र चुकले आणि स्वस्त, सुटे बरोबर निघाले, असे का? शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी शोधायची सवय असते, ते म्हणजे मागे.

मागे जायचे तर फार दूर जाता येते. तिसऱ्या शतकात चीनमध्ये मा जून नावाच्या कारागिराने एक रथ केल्याची नोंद आहे. त्यावर एक लाकडी माणूस हात पुढे करून उभा असे, आणि रथ कोठेही वळला तरी दातेरी चाकांच्या करामतीने त्या माणसाचा हात दक्षिणेकडेच राही. रथाच्या चाकांनाच वाटाड्या जोडण्याची ही कल्पना. आपल्याकडे वाटाड्या म्हणजे हाडामांसाचा माणूस. बोरघाटातून वाट काढताना इंग्रज साहेब अडले, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. खोपोलीच्या वरच्या अंगाला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. जाणारा-येणारा तिथे अजून नाणे टाकतो. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी वाट दाखवणाऱ्याचे देऊळ बांधणारा आणि त्याला रोज नाणे देणारा समाज वाटाड्याची किंमत ओळखतो, एवढे खरे.

मोटार आली आणि वाटाड्या माणसाच्या ऐवजी यंत्र करण्याची खटपट लगेच सुरू झाली. १९०९ साली अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थाने 'लाइव्ह मॅप' म्हणजे जिवंत नकाशा नावाचे यंत्र काढले. हे गृहस्थ मोटारीच्या वेगमापकासाठी आधीच प्रसिद्ध होते. काचेखाली कागदाची गोल तबकडी, आणि ती तबकडी एका तारेने मोटारीच्या चाकाशी जोडलेली. चाक फिरेल तशी तबकडी फिरे, आणि काट्याखाली त्या त्या मैलावर काय करायचे ते छापलेले दिसे: इथे डावीकडे वळा, इथे पूल आहे, इथे रूळ ओलांडा. एका तबकडीवर साधारण शंभर मैलांचा प्रवास मावे. तो संपला की दुसरी तबकडी घालायची. कल्पना सुरेख, पण एकदा का मोटार चुकीच्या वाटेला लागली, किंवा मालक एखाद्या स्नेह्याकडे चहाला म्हणून आत वळला, की तबकडी आपली मुकाट्याने पुढे फिरत राही.

त्यानंतरच्या दोन दशकांत दोन यंत्रे निघाली. त्यांत आमच्या दाभोळच्या भांडणाचे मूळ मला दिसते. १९२० नंतर इंग्लंडमध्ये मनगटावर बांधायचे एक यंत्र विकले गेले. घड्याळासारखा डबा, त्यात कागदी नकाशाची बारीक गुंडाळी, आणि दोन्ही बाजूंना खुंट्या. प्रवासी स्वतः खुंटी फिरवून नकाशा पुढे सरकवी. त्याची गुंडाळी बदलता येई, आणि गाडी बदलली तरी यंत्र मनगटावरच राही. १९३० च्या सुमारास इटलीत 'इतेर आवतो' नावाचे यंत्र निघाले. तेही कागदी गुंडाळीचे. पण ते मोटारीच्या पुढच्या फळीवर बसवलेले आणि वेगमापकाला जोडलेले. गुंडाळी आपोआप सरके. एकीकडे सुटे यंत्र, जे गाडीला ओळखत नाही पण माणसाबरोबर फिरते. दुसरीकडे जडवलेले यंत्र, जे गाडीच्या नाडीवर बोट ठेवून असते पण गाडीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. पुढच्या शंभर वर्षांत विजेचे दिवे बदलले, पडदे बदलले, उपग्रह आले; पण मूळ भांडण हेच राहिले.

पन्नास वर्षांनी, १९८१ साली, जपानच्या होंडा कंपनीने आपल्या मोटारींसाठी 'इलेक्ट्रो जायरोकेटर' बाजारात आणले. नकाशावर गाडीची जागा दाखवणारे मोटारीतले हे पहिले यंत्र. उपग्रहाशी त्याचा काही संबंध नव्हता. आत हेलियम वायूचा झोत असे. गाडी वळली की झोत किंचित सरके, आणि त्यावरून ती किती अंशांनी वळली हे कळे. चाकांवरून किती अंतर गेलो ते कळे. दोन्हींचा मेळ घालून हिरवट पडद्यावर एक रेघ पुढे पुढे जाई, आणि पडद्यावर मालकाने स्वतः बसवलेला पारदर्शक नकाशा असे. नकाशाच्या कडेला गेले की पान बदलायचे. अंधारात हिशेब ठेवत चालण्याचा हा प्रकार. पावलागणिक जरा चूक होते, आणि शंभर पावलांनी ती चूक भिंतीवर नेऊन आपटते.

त्या चुकीवर तोड काढली ती १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या एटॅक नावाच्या कंपनीने. तिचा जनक स्टॅन हनी हा शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतला नावाजलेला मार्गदर्शक. पॅसिफिक महासागरातले दर्यावर्दी होडी स्थिर आहे आणि बेटेच आपल्या बाजूने सरकत आहेत, असे मानून दिशेचा हिशेब ठेवत. त्यांच्या त्या रीतीचे नाव त्याने कंपनीला दिले. त्याच्या पडद्यावरही मोटार मधोमध स्थिर राही आणि भोवतीचा नकाशा फिरे. आज प्रत्येक मोबाईलवर दिसणारे चित्र हेच. नकाशा साठवायला त्याने गाण्यांच्या कॅसेटसारख्या फिती वापरल्या. एका फितीत एक मोठे शहरसुद्धा पुरते मावत नसे. पण खरी युक्ती निराळी होती. मोटार रस्त्यावरूनच चालते, शेतातून नव्हे, हे यंत्राला सांगितलेले असे. म्हणून मोटारीने काटकोनात वळण घेतले की यंत्र नकाशात जवळचे काटकोनी वळण शोधी आणि साचलेली चूक तिथल्या तिथे पुसून टाकी. वर्गात मुलांना मी हे सांगतो तेव्हा म्हणतो, हिशेब चुकला तर उत्तरावरून मागे या. एटॅकने तेच केले.

मग आकाशातला आधार आला. अमेरिकेच्या सैन्याने १९७८ पासून आपले उपग्रह सोडायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत विमानाने पाडले आणि २६९ माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की ही व्यवस्था पुरी झाल्यावर साऱ्या जगाच्या नागरी वाहतुकीला मोकळी राहील. मोबाईलवर सहज पाहतो त्या निळ्या ठिपक्यामागे असा शोक आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९९५ साली चोवीस उपग्रहांची ही व्यवस्था पूर्ण झाली. तरीही अमेरिकेचे सैन्य नागरी संदेशात मुद्दाम शंभरेक मीटरांची चूक मिसळत असे. पुण्यात तेव्हा असे यंत्र कोणी लावले असते, तर लक्ष्मी रस्त्यावरची मोटार खुशाल कुमठेकर रस्त्यावर दिसली असती. १ मे २००० च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने ती भेसळ थांबली, आणि सुट्या यंत्रांचा बाजार खऱ्या अर्थाने उघडला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण आमच्या दाभोळच्या फजितीची किल्ली तीच आहे. उपग्रह कोणालाही रस्ता सांगत नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून तो फक्त आपली वेळ आणि आपली जागा पुकारत असतो. निदान चार उपग्रहांची पुकार ऐकून यंत्र ठरवते की आपण पृथ्वीवर कुठे आहोत. एवढ्यावर उपग्रहाचे काम संपले. पुढे डावीकडे जायचे की उजवीकडे, ते सांगतो यंत्राच्या पोटातला नकाशा. उपग्रहाची पुकार क्षणोक्षणी ताजी असते. नकाशा मात्र ज्या दिवशी काढला त्या दिवसाचा असतो, आणि दुधासारखा तो त्याच दिवसापासून शिळा होऊ लागतो.

जडवलेल्या यंत्रांचे दुखणे हेच. उपग्रहाचा आधार घेणारे पहिले जडवलेले यंत्र १९९० साली जपानमध्ये माझ्दाच्या 'युनोस कॉस्मो' या मोटारीत आले. जपानातच ते का रुजले, यालाही कारण आहे. तिथल्या बहुतेक गल्ल्यांना नावे नाहीत आणि घरांचे आकडे ओळीने लागत नाहीत. म्हणून पत्ता शोधणे हे तिथे नेहमीचेच संकट. हळूहळू ही यंत्रे साऱ्या जगातल्या महागड्या मोटारींत आली. पण मोटार तयार होण्याची चाल संथ असते. एखादे मॉडेल बाजारात येण्याच्या तीनचार वर्षे आधीच तिच्या आतले भाग ठरून गेलेले असतात. म्हणजे कोरी करकरीत गाडी घरी येते तेव्हा तिच्यातले यंत्र मनाने तीनचार वर्षे म्हातारे असते. गाडी पुढे पंधरा वर्षे चालते, यंत्र तेच राहते. त्याचा नकाशा एका खास चकतीवर, ती चकती त्याच यंत्रात चालणार, आणि ती मिळणार फक्त मोटार विकणाऱ्याकडे. अमेरिकेत अशा नव्या चकतीला दीडशे-दोनशे डॉलर पडत, आणि काही वर्षांनी तेवढ्याच पैशांत अख्खे नवे सुटे यंत्र दुकानात मिळू लागले. आमच्या मेव्हण्यांना ही चकती बदलायची असते, हेच ठाऊक नव्हते. आधीच्या मालकाने ती बदलली नव्हती, आणि विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

शिवाय पुष्कळ जडवलेल्या यंत्रांत गाडी चालू झाली की अक्षरे टाइप करणे बंद होते. चालवणाऱ्याचे लक्ष उडू नये म्हणून ही खबरदारी, आणि हेतू चांगलाच आहे. पण शेजारी दुसरे माणूस रिकामे बसलेले यंत्राला दिसत नाही. 'गुहागर' ही अक्षरे घालायला घाटात गाडी कडेला लावावी लागते, तेव्हा यंत्राच्या शहाणपणाचा राग आल्यावाचून राहत नाही.

सुट्या यंत्रांना हे ओझे नव्हते. अमेरिकेत गार्मिन कंपनीचे मोटारीसाठीचे 'स्ट्रीटपायलट' १९९८ सालचे. बरेल आणि काओ या दोन अभियंत्यांनी ही कंपनी काढली आणि आपल्या गॅरी व मिन या नावांचे तुकडे जोडून तिचे नाव केले. २००४ साली हॉलंडच्या टॉमटॉमने 'गो' हे यंत्र आणले. डब्यातून काढा, काचेला चिकटवा, पत्ता घाला, चला. एवढीच त्याची रीत. ते भाड्याच्या गाडीत चाले, मित्राच्या गाडीत चाले. भारतात वर्मा दांपत्याने १९९५ साली सुरू केलेल्या कंपनीचे 'मॅपमायइंडिया'चे नकाशे अशा यंत्रांत येऊ लागले आणि आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या काचांवरही ते डबे दिसू लागले.

म्हणून सुटे ते सारे चांगले, असा निकाल मी देणार नाही. त्या डब्याचेही हाल आम्ही पाहिले आहेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात रबरी वाटी सैल होऊन डबा नेमका वळणावर मांडीवर कोसळतो. त्याची वायर गिअरच्या दांड्याला गुंडाळते. गाडी उभी करून बाजारात जावे तर चोराला काच फोडण्याचे निमंत्रण. आणि भातणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात शिरले की उपग्रहाची पुकार तुटते आणि डबा गोंधळतो. चांगले जडवलेले यंत्र मात्र तिथे डगमगत नाही, कारण त्याला चाकांचा हिशेब ठाऊक असतो. जायरोकेटरची आणि एटॅकची विद्या त्याच्या रक्तात असते. पाहणे आणि मोजणे यांत जडवलेले श्रेष्ठ. जाणणे आणि बदलणे यांत सुटे श्रेष्ठ.

मग दोघांनाही मागे सारणारा तिसरा आला. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने मोबाईलवर तोंडी रस्ता सांगणारा नकाशा फुकट देण्याची घोषणा केली, आणि त्याच दिवशी गार्मिन व टॉमटॉम यांचे शेअर कोसळले. दरम्यान नकाशांच्या मालकीचीही मोठी उलथापालथ चालली होती. एटॅकची मालमत्ता हात बदलत बदलत टेले ॲटलास या कंपनीकडे गेली होती, आणि २००८ साली ती कंपनी सुटी यंत्रे करणाऱ्या टॉमटॉमने विकत घेतली. दुसरी मोठी नकाशा कंपनी नॅव्हटेक, तिला मोबाईल करणाऱ्या नोकियाने घेतले; आणि २०१५ साली त्याच नकाशांसाठी आउडी, बीएमडब्ल्यू आणि डायम्लर या तीन जर्मन मोटार कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ते विकत घेतले. गाडी आमची, मग वाटाड्या दुसऱ्याचा का, हा प्रश्न मोटार करणाऱ्यांना तेव्हा पडला.

तडजोडही निघाली. २०१४ साली ॲपलने 'कारप्ले' आणि पुढच्या वर्षी गूगलने 'अँड्रॉइड ऑटो' आणले. पडदा गाडीचा, नकाशा खिशातल्या मोबाईलचा. जडवलेले आणि सुटे यांचे हे लग्न बहुतेकांना मानवले. तरी २०२३ साली जनरल मोटर्सने जाहीर केले की आपल्या पुढच्या विजेच्या मोटारींत आपण ही सोय देणार नाही, आपलेच जडवलेले यंत्र देऊ. म्हणजे मनगटावरची गुंडाळी आणि फळीवरची गुंडाळी यांचे भांडण अजून मिटलेले नाही.

जडवलेल्या यंत्राचे म्हातारपण किती अवघड असते, याचे दोन दाखले आणखी देतो. उपग्रहांच्या संदेशात आठवड्यांचा आकडा १०२४ पर्यंतच मोजता येतो. म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे सात महिन्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. असे १९९९ आणि २०१९ साली झाले. ज्या यंत्रांना हे आधी सांगून ठेवलेले नसते ती एकदम भूतकाळात जातात. १ जानेवारी २०२२ रोजी जगभर कित्येक जडवलेल्या यंत्रांची घड्याळे २००२ साल दाखवू लागली, आणि मालकांना काही महिने तसेच थांबावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत जुनी थ्री-जी दूरध्वनी व्यवस्था बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेक मोटारींतल्या जोडणीच्या सोयी कायमच्या मुक्या झाल्या. मोबाईल असता तर दुसरा घेतला असता. गाडीच्या फळीत चिणलेल्या यंत्राचे काय करणार?

आपल्या देशापुरते पाहिले तर नकाशा ही वस्तू फार काळ सरकारी कुलपात होती. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ सालचे. लॅम्बटनने मद्रासजवळ पायाची रेषा मोजायला घेतली ती १८०२ साली. इतकी जुनी परंपरा असून सामान्य माणसाला चांगला नकाशा मिळणे दुरापास्त होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांना नकाशे करणे मोकळे केले. इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात आपले सात उपग्रह सोडून 'नाविक' ही आपली पुकारही आकाशातून सुरू केली. आणि एक गोष्ट मला फार आवडली. २००९ च्या अखेरीस गूगलने भारतासाठी रस्ता सांगताना पेट्रोल पंप, देऊळ, चौक अशा खुणा घालायला सुरुवात केली. कारण इथली माणसे रस्त्याचे नाव सांगत नाहीत, खूण सांगतात. शेवटी यंत्रालाही दापोलीच्या पानवाल्याची भाषा शिकावी लागली.

आता त्या रात्रीचे उरलेले सांगतो. दाभोळहून आम्ही परत फिरलो. दापोली, खेड, चिपळूण, आणि तिथून गुहागर, असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा. मेव्हण्यांनी स्वतः हात लांबवून गाडीतल्या बाईचा आवाज बंद केला आणि भाच्याला म्हणाले, "लाव तुझा डबा." डब्याने न चुकता नेले, हे कबूल केले पाहिजे. पण खेडला एके ठिकाणी रस्ता खणलेला होता, ते डब्यालाही माहीत नव्हते. तेव्हा मेव्हणे खाली उतरले आणि शेकोटीशी बसलेल्या दोघा मजुरांना त्यांनी वाट विचारली. वडील काही बोलले नाहीत. ते नुसते काचेबाहेर पाहत होते.

गुहागरला पोचलो तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. घरात दिवा होता. आत्याला उशांवर टेकवून बसवले होते. तिच्या मांडीवर ताम्हन, त्यात सुपारी, अक्षता, आणि निरांजनातली वात तिच्या सुनेने तिसऱ्यांदा बदललेली. आत्या म्हणाली, "दादा, वाट चुकलास होय?" वडील म्हणाले, "चुकलो नाही गं. विचारायचं राहिलं." तिचा हात कापत होता, म्हणून सुनेने मनगटाला आधार दिला आणि आत्याने ओवाळले. तिथी सूर्योदयापर्यंत असते, असे कोणीतरी म्हणाले. ते खरे की खोटे, हे कोणी पंचांगात पाहिले नाही.

ती तिची शेवटची भाऊबीज. पुढच्या दिवाळीत ती नव्हती.

मेव्हण्यांनी ती मोटार पुढे विकली. विकताना त्यांनी नव्या मालकाला एक गोष्ट आवर्जून सांगितली, जी त्यांना कोणी सांगितली नव्हती: यातला नकाशा जुना आहे, त्याच्यावर विसंबू नका. भाच्याचा डबा आता आमच्या घरी टेबलाच्या खणात पडून आहे. त्याची रबरी वाटी वाळून चिरली आहे. आम्हीही सगळ्यांसारखे मोबाईलवर रस्ता पाहतो. पण भाऊबिजेला कोकणात जाताना दापोलीच्या स्टँडसमोर गाडी थांबते. मी खाली उतरतो, पान घेतो आणि पानवाल्याला विचारतो, फेरी कितीपर्यंत आहे हो? तो सांगतो. मला ते बहुधा आधीच ठाऊक असते. तरी मी विचारतो.